घड्याळ कधी सुरू केलंस?

तुझा मेल परवा रात्री वाचला, नंतर अजून दोनदा वाचला. तू लिहिलंयस की पहिल्या अ‍ॅनालिसिसमध्ये मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणारे डायबिटीसवाले कॅन्सर पेशंट जास्त जगताना दिसत होते, गाईड खूश, ड्राफ्ट पण तयार, आणि मग तू गोळी सुरू झाल्याची तारीख नीट धरून परत रन केलंस तर सगळा फायदा गायब, हॅझर्ड रेशो, म्हणजे दोन गटांतल्या मरण्याच्या धोक्याचं गुणोत्तर, एकला जाऊन चिकटला, फरकच उरला नाही. आता विचारतेस कुठला रिझल्ट पाठवू. अगं, उत्तर तुला माहितीये, म्हणून तर मला लिहिलंस.

तुझ्याच शीटमधल्या दोन ओळी बघ. एकाला कॅन्सर निघाला आणि चौदा महिन्यांनी मेटफॉर्मिन सुरू झालं. दुसरा तिसऱ्या महिन्यातच गेला, त्याला ती गोळी लिहून द्यायची वेळच आली नाही. तू पहिल्याचे ते चौदा महिने औषधाच्या खात्यात जमा केलेस, जेव्हा गोळी त्याच्या पोटात गेलीच नव्हती, आणि दुसऱ्याला "औषध न घेणारा" म्हणून समोरच्या बाजूला टाकलंस. मग औषध जिंकणारच ना! तो जगला म्हणून गोळीपर्यंत पोचला. यालाच इमॉर्टल टाइम म्हणतात, ज्या काळात तो मेला असता तर तुझ्या त्या गटात आलाच नसता. म्हणून घड्याळ कधी सुरू केलंस हे आधी विचारायचं, फरक योगायोगाचा आहे का ते सांगणारी पी व्हॅल्यू नंतर.

२००५ मध्ये स्कॉटलंडमधून पहिला छोटा पेपर आला की मेटफॉर्मिन घेणाऱ्या डायबिटीसच्या पेशंटमध्ये कॅन्सर कमी दिसतो. स्वस्त, जुनी, ओळखीची गोळी, आणि इन्सुलिन कमी झालं तर ट्यूमरची वाढ मंदावेल हे पटण्यासारखंही होतं, त्यामुळे आम्ही सगळे तुटून पडलो. मीही. माझा पेपर आला, लोकांनी साइट केला. मी आकडे बनवले नव्हते, रिव्ह्यूअरनी पास केला होता, आणि त्या वेळी बरेच जण असंच मोजायचे, हे मी आजही म्हणते आणि ते खरंच आहे. पण २०१२ मध्ये सुईसा आणि अझुले या संशोधकांनी 'डायबिटीस केअर' जर्नलमध्ये हे सगळे अभ्यास उलगडून दाखवले, कुठे कुठे काळ चुकीच्या खात्यात गेलाय ते, आणि वाचता वाचता मला माझं टेबल दिसायला लागलं. मी दुरुस्ती पाठवली नाही. कामात होते, असं स्वतःला सांगत राहिले.

त्याच्या आधी एक मुलगा आला होता माझ्याकडे, वडिलांना कॅन्सर. माझाच पेपर प्रिंट काढून आणलेला, शेवटच्या दोन ओळींना पिवळा हायलाइटर. वडिलांना शुगर नाही तरी मेटफॉर्मिन चालू करू का, म्हणाला. त्या कागदाची घडी अजून डोळ्यासमोर आहे.

आता कृपा करून असं नको म्हणूस की "निगेटिव्ह रिझल्ट कोण छापतं". एमए.३२ ट्रायल बघ, ब्रेस्ट कॅन्सरचे ३,६४९ पेशंट, जवळजवळ सगळ्या बायका, डायबिटीस नसलेल्या, मेटफॉर्मिन ८५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पाच वर्षं नाहीतर डमी गोळी, २०२२ मध्ये 'जामा' या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये आलं, कॅन्सर परतण्यात मुख्य तुलनेत फरक नाही. त्या बायकांनी पाच वर्षं गोळ्या गिळल्या त्या उत्तरासाठी! आणि डिशमध्ये पेशी मरतात हे पण मला सांगू नकोस, तिथे बहुतेक वेळा रक्तात असतं त्याच्या कित्येक पट मेटफॉर्मिन ओततात. गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही, शुगरसाठी ती चांगलीच आहे.

आणि घड्याळ चुकलं की भीतीही खोटी पसरते. २००९ मध्ये ग्लार्जिन या दिवसभर काम करणाऱ्या इन्सुलिनने कॅन्सर होतो अशी घबराट उडाली, तीही जेमतेम दीड-दोन वर्षांच्या निरीक्षणावर, एवढ्यात ट्यूमर नव्याने तयार होऊन दिसेल का? २०१२ ला ग्लार्जिनच्याच ओरिजिन ट्रायलमध्ये १२,५०० वर लोकांना सहा वर्षांच्या आसपास बघितलं, कॅन्सर वाढलेला नव्हता.

गाईडशी भांडू नकोस. त्या दोन ओळी कागदावर लिही, तारखांसकट, समोर ठेव आणि विचार, सर, घड्याळ इथे कुठून सुरू करायचं? ते चिडतील कदाचित. चिडू देत. मी पण चिडले असते त्या वयात, कुणी विचारलं असतं तर. तू घाबरू नकोस गं, तुझं काम चांगलं आहे, दुसरं अ‍ॅनालिसिस तर फारच चांगलं आहे, मेथड्समध्ये आधी काय चुकलं होतं तेही लिही, लपवू नकोस.

माझी जुनी शीट मी काल शोधून काढली. तारखांचा कॉलम आहे त्यात, तेव्हा वापरलाच नव्हता. परत रन करायला घेतलंय, जर्नलला पत्राचा मसुदाही लिहिलाय. तुझं टेबल रविवारपर्यंत पाठव, माझं तुला पाठवते, कुठे चुकलंय ते तू तपास.