मधले महिने कुठे गेले?

प्रिय मित्रा,

बाईंच्या आठवणींची तू शब्दांकन केलेली पहिली तीन प्रकरणं वाचली. भाषा ओघवती आहे. पण 17व्या पानावर बाई राजीनामा देतात आणि 18व्या पानावर त्यांचं सुतारकामाचं वर्कशॉप सुरूही झालेलं असतं. मधले महिने कुठे गेले? पुस्तक तर त्यांतच आहे.

चाळिशीनंतरचा बदल माणसं एका दिवसावर आणून टेकवतात. ‘त्या दिवशी ठरवलं, बस.’ ती खोटं बोलत नसतात. प्रत्येक वेळी आठवताना आठवण थोडी नव्याने रचली जाते, आणि दहा जणांना सांगून झालेली गोष्ट गुळगुळीत होते. त्यात आणखी एक पंचाईत अशी, की उतारवयात माणसाला साधारण 10 ते 30 या वयातलं जास्त आठवतं. त्यामुळे बाई शाळेची सहल रंगवून सांगतील आणि 46वं वर्ष दोन वाक्यांत उरकतील.

म्हणून आधी काळाचा तक्ता कर. बदलाच्या आधीची दोन वर्षं आणि नंतरची तीन, महिन्याला एक ओळ, एकूण 60 ओळी. रकाने चार: काय घडलं, पुरावा काय, हातात पैसे किती होते, घरात कोण काय म्हणालं. पुरावा म्हणजे पासबुक, जुने मेसेज, फोटोंच्या तारखा, फीच्या पावत्या. बऱ्याच ओळी कोऱ्या राहतील. मुलाखत त्या कोऱ्या ओळींची घ्यायची.

एक बैठक दीड तासाच्या वर नेऊ नकोस; थकलेलं माणूस पाठ झालेली उत्तरं देतं. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवून काढायला चार ते सहा तास जातात, तेव्हा 20 तास बोलणं झालं तर किमान 80 तासांची बेगमी ठेव. ‘तेव्हा कसं वाटलं?’ असं विचारलंस तर ‘भीती वाटली’ एवढंच हाती लागेल. टेबलावर काय पडलं होतं, हे विचार. त्या आठवड्यात ही गोष्ट कोणापासून लपवलीत, हेही विचार. या प्रश्नावर माणसं आधी गप्प होतात, मग खरं बोलतात. तेव्हा मध्ये बोलू नकोस.

तुझं एक वाक्य घेतो. ‘नव्या क्षेत्रात सुरुवातीला खूप संघर्ष करावा लागला.’ हे कोणाच्याही पुस्तकात खपेल. तुझ्याच टिपणांत मात्र रंध्याचा प्रसंग आहे. बाईंनी रंधा लाकडाच्या रेषेच्या उलट मारला, तंतू उचकटले, गुळगुळीत व्हायची ती फळी खडबडीत झाली. मुलाच्या वयाच्या शिक्षकाने काही न बोलता फळी फिरवून ठेवली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारी बाई तिथे उभी आहे! हे 600 शब्दांत लिही आणि ‘संघर्ष’ खोडून टाक.

लिहिताना दोन ‘मी’ वेगळे ठेव, एक तेव्हा जगणारी आणि एक आज सांगणारी. रंधा मारणाऱ्या बाईंना पुढे वर्कशॉप चालेल हे ठाऊक नव्हतं. प्रसंग चालू असताना आजचं शहाणपण मध्ये डोकावलं, की वाचकाची उत्सुकता तिथेच मेली.

पैशाबद्दल स्पष्ट लिही. शिल्लक किती महिन्यांची होती? घर कोणाच्या पगारावर चाललं? नवऱ्याच्या पगारावर चाललं असेल तर ते झाकणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. हाताशी आधार नसलेला कोणी वाचक हे धाडस वाचून उद्या नोकरी सोडू शकतो.

पहिला खर्डा बेधडक होऊ दे. दुसऱ्यात माणसं तपास. नुसतं नाव बदलून भागत नाही. हुद्दा, गाव आणि साल एकत्र आलं की जुने साहेब ओळखू येतात. मुलीच्या आजारपणाचा भाग तिला दाखवल्याशिवाय आणि तिने होकार दिल्याशिवाय ठेवू नकोस. नवऱ्याला काही वेगळंच आठवत असेल तर ‘आमच्या आठवणी इथे जुळत नाहीत’ असं पुस्तकातच लिहिता येतं. असे परिच्छेद बहुधा चांगले उतरतात.

एकूण 50 हजार शब्द पुरेत. त्यातले निदान 15 हजार त्या मधल्या महिन्यांना दे. बालपण दोन प्रकरणांत आटपलं तरी चालेल.

आणि हो, मानधन, तुझं नाव कुठे छापायचं, रेकॉर्डिंग कोणाकडे राहणार, मजकुरावर शेवटचा शब्द कोणाचा, हे सगळं आत्ताच लेखी करून घे. संबंध गोड असतात तेव्हाच हे कागद होतात.

पुढच्या वेळी प्रकरण पाठवू नकोस. ती 60 ओळींची वही पाठव, कोऱ्या ओळींसकट.

कळावे.