वडिलांचा रकाना रिकामा दिसला तर

पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव नाही, एवढ्यावरून ‘लग्नाबाहेरचं मूल’ असा शिक्का मारू नका. वडील आधीच वारले असतील, मूल आजोळी वाढलं असेल किंवा दत्तक असेल.

छापील कुलवृत्तांतावर, म्हणजे घराण्याच्या इतिहासाच्या पुस्तकावर, विसंबणं ही वंशावळ शोधणाऱ्या नवख्यांची नेहमीची चूक. तो घराण्यातल्यांनीच पाठवलेल्या माहितीवर बेतलेला असतो. नको असलेली माणसं तिथेच गळतात, बायका तर हमखास.

सुरुवातीला एवढंच बघा:

- गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी इथे मिळतात. बऱ्याच मोडी लिपीत असतात, तेव्हा वाचणारा आधी गाठा.
- फेरफार (जमिनीच्या हक्कातले बदल) आणि वारस नोंदी. माझा सगळ्यात जास्त भरवसा यांच्यावर. वंशावळीत नसलेला माणूस जमिनीत वाटा मागायला मात्र येतो, आणि मग त्याची हरकत, त्यावरचे जबाब, सगळं कागदावर उतरतं.
- नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तीर्थाला आलेल्या घराण्यांची नावं त्यात लिहिलेली असतात.

नातेवाईक नसलेल्या गावात जन्म झालेला दिसला, तर मात्र थांबून विचार करा. विधवांना गुपचूप बाळंत होता यावं म्हणून जोतीराव-सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथल्याच यशवंताला त्यांनी दत्तक घेतलं. पुढे पंढरपुरातही अशी सोय झाली.

डीएनए चाचणीचं नंतर बघू. आत्याला ‘खरं काय घडलं?’ असं थेट विचारू नका. जुना फोटो पुढे ठेवा, ‘ही कोण गं?’ म्हणा आणि तिला बोलू द्या. नाव नक्की होईपर्यंत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चकार शब्द नको.