एक मेल, चार फोन आणि एक टॅब

प्रश्न : आमच्या घरात चार फोन आणि एक टॅब आहे. सगळ्यांवर जीमेलचं खातं एकच, माझ्या मिस्टरांचं. 2014 साली त्यांनी पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा दुकानदाराने ते काढून दिलं. पुढे जो फोन घरात आला त्यात तेच घातलं गेलं. आता फार सरमिसळ झाली आहे. माझ्या फोनमध्ये मुलीच्या मैत्रिणींचे नंबर, सासूबाईंच्या फोनमध्ये मिस्टरांच्या सुताच्या व्यापाऱ्यांचे. सासूबाईंना यूट्यूबवर कीर्तन ऐकायचं असतं, तर पुढ्यात मुलाच्या गेमचे व्हिडिओ येतात. महिन्याभरापूर्वी फोन भरला म्हणून सासूबाईंनी गुड मॉर्निंगचे फोटो काढून टाकले, त्यात भाचीच्या बारशाचे फोटोही गेले, आणि सगळ्यांच्याच फोनमधून गेले. आता ‘स्टोरेज फुल’ येतं आणि मेल यायचेच बंद झाले आहेत. मुलगी बारावीत आहे, तिला स्वतःचं खातं हवं आहे. मुलगा बारा वर्षांचा आहे. मिस्टर म्हणतात, ‘घरात एकमेकांपासून लपवायचं काय?’ काय करावं?
— एक वाचक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी बारशाचे फोटो, कारण त्यांना मुदत आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसला की तो 60 दिवस कचरापेटीत राहतो. ॲपमध्ये ‘बिन’ किंवा ‘ट्रॅश’ नावाने ती दिसेल. आजच उघडा, फोटो निवडा आणि ‘रिस्टोअर’ करा. जागा करायची म्हणून ती पेटी कुणी रिकामी करू नये, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

सासूबाईंचं यात काही चुकलेलं नाही. त्यांनी आपल्या फोनमधले फोटो काढले असं त्यांना वाटलं, पण फोटो खात्यातून गेले आणि ते खातं पाचही ठिकाणी आहे. फक्त त्या फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमध्ये ‘फ्री अप स्पेस’ आहे. त्याने बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली प्रत जाते, खात्यातली राहते.

मेल का बंद झाले तेही सांगते. गूगल प्रत्येक खात्याला 15 जीबी जागा फुकट देतं आणि मेल, ड्राइव्ह, फोटो हे सगळं त्याच जागेत बसतं. 1 जून 2021 पूर्वी थोड्या कमी दर्जाचे फोटो त्यात धरले जात नसत, त्यानंतरचे धरले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता तिथेच मोजला जातो. पाच जणांचं सगळं एका माणसाच्या जागेत बसवल्यावर ती भरणारच. भरली की येणारा मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. घरात बारावीची मुलगी असताना हे फार वाईट. म्हणून तात्पुरतं एक करा : गूगल वन या गूगलच्या जागा सांभाळणाऱ्या ॲपमध्ये मोठ्या फाइली एकत्र दाखवतात, त्यातले नको असलेले व्हिडिओ काढा म्हणजे मेल सुरू होतील. पाच जणांची पाच खाती झाली की प्रत्येकाला आपले 15 जीबी मिळतील, तेही एक पैसा न देता.

आता मिस्टरांचा प्रश्न. तो प्रेमाने विचारलेला आहे, म्हणून नीट उत्तर देते. घरात लपवायचं काही नसेल, पण राखायचं पुष्कळ असतं. क्रोममध्ये साठवलेले त्यांचे पासवर्ड त्याच खात्यातून बाकीच्या फोनवरही पोचू शकतात. त्यांच्या मेलवर बँक आहे, विमा आहे, प्राप्तिकर आहे. सासूबाईंना उद्या कुणी लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये ॲप घालणारी फाइल) पाठवली आणि त्यांनी ती उघडली, किंवा त्यांचा फोन एसटीत राहिला, तर चोराच्या हाती पडेल ते तुमच्या मिस्टरांचं खातं. रेशनकार्ड घरात एक असतं, पण आधार ज्याचं त्याचं असतं, आणि त्यावरून कुणी म्हणत नाही की घर फुटलं.

दुसरी गोष्ट मला त्याहून जास्त लागते. एमएस-सीआयटीचे वर्ग घेत होते तेव्हापासून आणि आता ज्येष्ठ नागरिक संघात मोबाइल शिकवताना मी पाहते, घरातल्या बायका आणि म्हातारी माणसं यांचंच खातं नसतं. ‘आपला मेल उघडा’ म्हटलं की उत्तर येतं, ‘तो ह्यांच्याकडे आहे’ किंवा ‘मुलाला विचारून सांगते’. फोन स्वतःचा, रिचार्ज स्वतःच्या पेन्शनमधला, पण पासवर्ड विचारला की पुण्याला फोन लावायचा. मुलाने तिकडे पासवर्ड बदलला की इकडे आईचा फोन अडून बसतो. हे मला मनापासून पटत नाही. म्हणून तुमच्या घरी पहिलं नवं खातं सासूबाईंचं काढा. त्यांच्या नावाने, त्यांच्याच सिमकार्डाच्या नंबरावर. रिकव्हरीसाठी, म्हणजे पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवायला, दुसरा मेल तुमचा द्या. पासवर्ड त्यांच्या हस्ताक्षरात डायरीत लिहून डायरी कपाटात ठेवायला सांगा. कागदावर पासवर्ड लिहू नये असं तुम्ही वाचलं असेल, पण सत्तरीच्या बाईंसाठी कपाटातली डायरी मला पूर्ण चालते. फक्त त्या पानाचा फोटो काढून कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही.

जुनं खातं मिस्टरांकडेच राहू द्या, त्यांचे सगळे व्यवहार त्याला बांधलेले आहेत. बाकीच्यांनी त्यातून बाहेर पडायचं आहे, पण घाईने ‘रिमूव्ह अकाउंट’ दाबायचं नाही. एका रविवारी एकच फोन हाती घ्या. नवं खातं जुन्याच्या जोडीने फोनमध्ये घाला. मग व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट बॅकअप उघडा, तिथे बॅकअपसाठी कुठलं गूगल खातं लावलंय ते दिसतं, ते बदला आणि एकदा बॅकअप घ्या. ही पायरी बहुतेक जण विसरतात आणि पुढे फोन बदलला की चॅट सापडत नाहीत. नंबर वाटून घेण्याचं काम कॉम्प्युटरवर बसून करा. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये प्रत्येकाच्या नावाचं लेबल करा, कोणता नंबर कुणाचा ते ठरवा, त्या लेबलची फाइल उतरवून त्याच्या नव्या खात्यात चढवा. जुन्या खात्यातून पुसायचं ते सगळ्यात शेवटी. चुकून भलताच नंबर पुसला गेला तर तोही 30 दिवस परत आणता येतो. फोटो ज्याला जे हवेत त्याचे शेअर्ड अल्बम करा आणि नव्या खात्यात ‘सेव्ह’ करून घ्या. नुसता अल्बम दिसतोय म्हणून थांबू नका, सेव्ह केल्याशिवाय ते तुमचे होत नाहीत. एवढं झालं की जुनं खातं त्या फोनमधून काढा. फोन विकायचा किंवा रिसेट करायचा असेल तर त्याआधी खातं काढलेलं असलंच पाहिजे, नाहीतर तो रिसेटनंतर जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो.

खातं वेगळं झालं की यूट्यूबवर सासूबाईंना कीर्तनं आपोआप मिळू लागतील, त्यासाठी वेगळं काही करायला नको.

मुलीला खातं द्याच. आपल्याकडे तेराव्या वर्षानंतर गूगलचं स्वतःचं खातं काढता येतं. सीईटीच्या फॉर्मला मेल आणि मोबाइल नंबर लागतो, पुढे कॉलेज आहे, नोकरी आहे. हा पत्ता तिच्याबरोबर अनेक वर्षं राहणार, तेव्हा तो साध्या नावाचा असू द्या, जन्मसाल त्यात घालू नका. रिकव्हरीला नंबर तुमचा ठेवा आणि तसं तिला सांगून ठेवा. पासवर्ड मात्र मागू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे, त्यामुळे काही ठिकाणी पालकांची संमती विचारली जाईल. ती देताना दोघी मिळून वाचा.

धाकट्याचं वेगळं. बाराव्या वर्षी त्याला मोकळं खातं मिळत नाही. फॅमिली लिंक हे गूगलचं पालकांसाठीचं ॲप वापरून तुमच्या नव्या खात्याखाली त्याचं काढा. कोणतं ॲप घ्यायचं ते तुमच्या परवानगीने होईल, टॅब रात्री किती वाजता बंद व्हायचा तेही ठरवता येईल. वडिलांच्या बँकेचे मेल त्याच्या टॅबवर येणं तर आजच थांबवायला हवं.

मग घरात सामाईक काय राहील? बरंच राहील. गूगलचा फॅमिली ग्रुप करा, त्यात सहा जण बसतात. जास्तीची जागा विकत घेतली तर ती सहा जणांत वाटली जाते आणि तरीही कुणाला कुणाचे मेल किंवा फोटो दिसत नाहीत. ग्रुपबरोबर घराचं एक कॅलेंडर तयार होतं, त्यात गॅस, घरपट्टी, मुलांच्या परीक्षा घाला. काही जण लाइट बिलासाठी ‘घराचा’ म्हणून आणखी एक मेल काढतात. तो काढू नका. असा मेल कुणीच उघडत नाही आणि त्याचा पासवर्ड सगळ्यात आधी हरवतो. त्यापेक्षा मिस्टरांच्या जीमेलमध्ये फिल्टर लावा म्हणजे बिलाचा मेल तुमच्याकडेही येईल.

प्रश्न : माझे यजमान मार्चमध्ये गेले. मी 71 वर्षांची आहे. त्यांचा फोन माझ्याकडे आहे, पॅटर्न मला माहीत आहे. मुलं म्हणतात, सिम बंद करून टाक. त्यात आमचे सगळे फोटो आहेत आणि व्हॉट्सॲपवर त्यांच्या आवाजातले निरोप आहेत. पेन्शनच्या खात्याचा यूपीआय पिनही मला ठाऊक आहे. तो वापरला तर चालेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काकू, पिन वापरू नका. तुमचा हक्क असला तरी गेलेल्या माणसाच्या खात्यातून यूपीआयने पैसे काढणं नंतर तुमच्याच अंगाशी येऊ शकतं. मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जा, नॉमिनी तुम्ही असाल तर काम सोपं आहे.

सिम मात्र एवढ्यात बंद करू नका. बँक, गॅस, विमा यांचे ओटीपी त्या नंबरावर येतात आणि बंद पडलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्याला देते. सगळीकडे तुमचा नंबर लागेपर्यंत त्याला छोटा रिचार्ज करत राहा.

त्यांनी तुम्हाला पाठवलेले आवाजातले निरोप तुमच्या स्वतःच्या फोनमध्येही आहेत. तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये त्यांचं नाव उघडा, वर तीन टिंबांत ‘एक्स्पोर्ट चॅट’ आहे, ‘मीडियासह’ निवडा आणि स्वतःच्या मेलवर पाठवा. चॅट फार मोठं असेल तर सगळं एका वेळी येणार नाही, तेव्हा जे निरोप जवळचे वाटतात ते एकेक करून वेगळे जपा. मुलांना किंवा भावाला पाठवलेले निरोप मात्र तुमच्या फोनमध्ये नाहीत, यजमानांच्या फोनवर आहेत आणि 120 दिवस न वापरलेलं व्हॉट्सॲप खातं कंपनी साधारणपणे काढून टाकते, म्हणून तो फोन चार्ज करून इंटरनेटला जोडलेला राहू द्या. फोटोंसाठी त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्याला अल्बम शेअर करा आणि तुमच्याकडे सेव्ह करा. हे आठवड्याभरात मुलाला शेजारी बसवून करून घ्या. गूगल दोन वर्षं न उघडलेलं खातं पुसू शकतं. जवळच्या नातेवाइकांना गूगलकडे अर्ज करता येतो, पण पासवर्ड ते कुणालाही देत नाहीत.

आणि काकू, तुमच्या खात्यात ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ भरून ठेवा. खातं 3 ते 18 महिन्यांत जी मुदत तुम्ही निवडाल तितकं पडून राहिलं तर कुणाला कळवायचं आणि त्यांना काय द्यायचं, फोटो द्यायचे की मेलही, हे तुम्ही ठरवायचं. दहा माणसांपर्यंत नावं घालता येतात. जे वाचत आहेत त्या सगळ्यांनीच हे भरावं, चाळिशीतल्यांनीही.

प्रश्न : जुना आयफोन बायकोला दिला, ॲपल खातं माझंच आहे. घरी असलो की माझे फोन तिच्याकडेही वाजतात.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन्ही फोन एका खात्यावर आणि एका वायफायवर असले की असं होतं. सेटिंगमधल्या फोनच्या भागात ‘कॉल्स ऑन अदर डिव्हायसेस’ बंद करा, वाजणं थांबेल. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण मेसेज आणि नंबर दोघांत मिसळतच राहतील. वहिनींचं खातं वेगळं काढा आणि फॅमिली शेअरिंगमध्ये त्यांना घ्या. तिथेही सहा जण बसतात, विकत घेतलेली जागा आणि बरीचशी ॲप्स सामाईक वापरता येतात. त्यांच्या फोनमधून तुमचं खातं साइन आउट करताना नंबरांची प्रत फोनवर ठेवायची का असं विचारतील, तिथे ‘हो’ म्हणा. फोटोंचं मात्र आधी पाहा : फोटोजच्या सेटिंगमध्ये ‘ऑप्टिमाइझ’ लावलेलं असेल तर फोनवर फक्त छोट्या प्रती असतात. ‘डाउनलोड अँड कीप ओरिजिनल्स’ करा, रात्रभर चार्जिंगला लावून सगळे उतरू द्या आणि मगच साइन आउट करा.