लोक डिजिटल वॉलेट नेमकं कशामुळे वापरू लागतात?

सगळ्यात जास्त फरक आजूबाजूच्या माणसांमुळे आणि दुकानदारांमुळे पडतो. ज्यांना पैसे द्यायचे तेच वॉलेटने घेत नसतील, तर ॲप कितीही चांगलं असो, उघडलं जात नाही. संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये मांडलेल्या तंत्रज्ञान-स्वीकाराच्या प्रारूपात (लोक नवं तंत्रज्ञान का वापरू लागतात हे सांगणाऱ्या मांडणीत) उपयुक्तता आणि सोपेपणा हे मुख्य घटक आहेत; पैशांच्या बाबतीत त्यात विश्वासाची भर घालावीच लागते. कॅशबॅकने ॲप डाउनलोड होतं, सवय मात्र रोजच्या छोट्या खर्चांतून लागते. बरेच जण नोंदणीतच गळतात: ओळखपत्राचा फोटो नाकारला जातो, ओटीपी उशिरा येतो. आणि पहिल्याच व्यवहारात पैसे कापले जाऊन समोरच्याला पोचले नाहीत, तर परतावा तक्रारीशिवाय किती लवकर मिळतो यावर माणूस टिकतो की पुन्हा रोखीकडे वळतो, हे ठरतं.