पाणी भरायला कोण उठतं?

"मॅडम, पोळ्या दोनाच्या एक केल्या, भात बंद, साखर तर सोडलीच. तरी वर्षात पाच किलो चढलं!"

बदलापूरहून रोज मुंबईला नोकरीला जाणाऱ्या या ताई (वय ४३, ओळख पटेल असे तपशील बदललेत) माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. रिपोर्ट नॉर्मल होता, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटत होतं. निदान कारण तरी सापडलं असतं!

"झोपता कधी?"

"साडेबारा होतात. हे अकराला येतात, मग जेवण."

"आणि उठता?"

"साडेचारला. पाणी येतं ना."

रोज चार तास. रविवारी मात्र साडेनऊपर्यंत.

त्यांची आहाराची वही प्रामाणिक होती, पण तिच्यात फक्त 'जेवण' होतं. चारचा वडापाव, गाडीतली चिक्की, पाच कप चहा यांची नोंदच नव्हती. "काहीतरी तोंडात टाकलं की डोळे उघडे राहतात हो," त्या ओशाळून म्हणाल्या. यात ओशाळण्यासारखं काही नाही. अपुऱ्या झोपेनं भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं, असं शिकागो विद्यापीठातल्या २००४ च्या प्रयोगात दिसलं होतं. सहभागी जेमतेम १२ तरुण होते, पण माझ्यासमोर बसणारी माणसं तेच सांगतात. २०१० च्या दुसऱ्या छोट्या प्रयोगाचा मला जास्त धसका आहे. कमी कॅलरींचा आहार तोच ठेवून झोपेसाठीचा वेळ साडेआठ तासांवरून साडेपाचवर आणला, तर वजन तेवढंच उतरलं, पण त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला. बाकीची झीज चरबी सोडून इतर वजनाची, त्यात स्नायूही आले.

त्यात रात्री अकराचं जेवण. त्या वेळी शरीर झोपेच्या तयारीत असतं, इन्सुलिनचं काम मंदावलेलं असतं, आणि तीच पोळी सकाळपेक्षा जास्त साखर चढवते.

मी सरळ सांगून टाकलं, "दहाला झोपा." त्या हसल्या. "दहाला माझी भांडी चाललेली असतात." चूक माझी होती. मग विचारलं, पाणी भरायला दुसरं कोण उठू शकेल? घरात १९ वर्षांचा मुलगा आहे, हे तेव्हा कळलं.

पाण्याचं जमलं. भाजी रात्रीच चिरून ठेवायची, हेही जमलं. अडलं ते जेवणापाशी. नवऱ्याच्या आधी जेवायचं? सासूबाईंना काय वाटेल? दोन बैठका यातच गेल्या. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "मलाही साडेआठलाच भूक लागते, तुझ्यासाठी थांबते." नवरा आपलं ताट वाढून घेऊ लागला.

पावणेअकरा ते सव्वापाच, साडेसहा तास झोप. तीन आठवडे काटा ढिम्म, ताई माझ्यावर नाराज. वडापाव मात्र आपसूक सुटला होता. चार महिन्यांत तीन किलो उतरलं. झोपेनं सगळ्यांचंच उतरतं असं नाही. मोठ्यानं घोरणाऱ्यांना तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते, कारण त्यांतल्या काहींना आठ तास पडूनही नीट झोप मिळालेली नसते.

परवा ताईंचा फोन आला. "मुलगा म्हणतो, आता माझं वजन वाढतंय, पाणी बाबा भरू देत."

"तो झोपतो कधी?"

"मोबाइल सुटला की. दोन वाजतात."

त्याला शनिवारची वेळ दिली आहे.