घरी गाणी बर्न करायला कोणती कोरी सीडी घ्यावी? 'म्युझिक' छापलेली महागडी सीडी खरंच वेगळी असते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: कॉम्प्युटरवर बर्न करणार असाल तर त्या सीडीवर जास्तीचे पैसे घालू नका. 'म्युझिक' लिहिलेल्या सीडी-आरवर (म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या कोऱ्या सीडीवर) कारखान्यातच एक खूण टाकलेली असते. घरगुती वापराचे जे स्वतंत्र ऑडिओ सीडी रेकॉर्डर निघाले, ते ही खूण दिसल्याशिवाय रेकॉर्डिंगच करत नाहीत. काही देशांत अशा डिस्कच्या किमतीत संगीताच्या हक्कधारकांचा वाटाही धरलेला असतो. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह त्या खुणेकडे ढुंकूनही बघत नाही, आणि आवाजात काडीचाही फरक पडत नाही.

आता कोणती घ्यायची. बॉक्सवरच्या नावावर फार विसंबू नका, हे मी ठेच लागून शिकलो. एका कंपनीचं पन्नास डिस्कचं स्पिंडल (दांड्यावर रचलेली चळत) मस्त चाललं म्हणून तेच नाव बघून दुसरं आणलं, तर त्यातल्या डिस्क गाडीच्या प्लेअरमध्ये तिसऱ्या-चौथ्या गाण्यापासून अडखळायला लागल्या. बॉक्स तोच, पण आतला माल दुसऱ्याच कारखान्याचा होता. कोऱ्या डिस्कच्या खाचेतच एटीआयपी नावाची माहिती असते, आणि ती वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर मिळतात. त्यातल्या कोडवरून डिस्क मुळात कुणी बनवली याचा बराचसा अंदाज येतो.

ड्राइव्हसुद्धा हाच कोड वाचतो. सीडी-आरमध्ये लेझर खड्डे पाडत नाही, रंगद्रव्याच्या थरावर खुणा भाजतो. हे द्रव्य सायनिन, थॅलोसायनिन किंवा अ‍ॅझो यांपैकी असतं, आणि प्रत्येकाला लागणारी लेझरची ताकद नि वेळ वेगळी. ओळखीच्या डिस्कसाठी ही गणितं ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, भरलेली असतात. अनोळखी डिस्क आली की तो अंदाजपंचे काम करतो. म्हणून माझ्याकडे उत्तम चालणारी डिस्क तुमच्या ड्राइव्हला मानवेलच असं नाही. आधी दोन-तीन वेगवेगळी छोटी पाकिटं आणा, प्रत्येकातली एकेक बर्न करा आणि घरातल्या सगळ्यात जुन्या, कुरकुऱ्या प्लेअरवर शेवटचं गाणं लावून बघा. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि भानगड बहुतेकदा बाहेरच्या कडेला होते. तिथपर्यंत नीट वाजली की मगच मोठं स्पिंडल घ्या.

सीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी, गाण्यांसाठी घेऊ नका. तिच्यावरून प्रकाश फारच कमी परततो, आणि जुने प्लेअर तिला ओळखतही नाहीत. ९० किंवा ९९ मिनिटांच्या डिस्कही टाळा, त्या प्रमाणित मर्यादेबाहेरच्या आहेत. साधी ८० मिनिटांची बरी. (एक गंमत: याच ७०० एमबीच्या डिस्कवर ८०० एमबीच्या वेव्ह (आवाज न दाबलेल्या) फाइल मावतात, कारण ऑडिओ सीडीत डेटा सीडीइतकी जास्तीची चूक-दुरुस्ती नसते. म्हणूनच तिथे बर्न चांगला होणं महत्त्वाचं.)

वेगाबद्दल 'जितका हळू तितका चांगला' हा सल्ला जुना झाला. ५२एक्सच्या (गाणं वाजण्याच्या ५२ पट वेगाने लिहिता येणाऱ्या) डिस्क वेगात लिहिण्याच्या हिशेबानेच बनतात, एक-दोन एक्सवर उलट बिघडू शकतात. मी १६एक्सवर ठेवतो, पाच-सहा मिनिटांत काम होतं. सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्क-अ‍ॅट-वन्स' (सगळी डिस्क एका दमात लिहिणं) निवडा, नाहीतर लाइव्ह मैफिलीत दर गाण्यानंतर दोन सेकंदांची शांतता येऊ शकते. आणि एमपी३ वरून ऑडिओ सीडी केली म्हणून गेलेला आवाज परत येत नाही, तेव्हा मूळ फाइल चांगली घ्या.

शेवटचं म्हणजे डिस्कची वरची बाजू जपा. सगळे खालच्या चकचकीत बाजूला जपतात, पण तिथे जवळजवळ १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिक आहे. वरून मात्र परावर्तक थरावर लॅकरचा फक्त पातळ पापुद्रा असतो. तिथे बॉलपेन दाबून नाव लिहिलंत तर खालचा थर जातो. पाण्याच्या शाईचा मऊ मार्कर वापरा, स्टिकर लावू नका, आणि बर्न केलेली सीडी गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका.