मदरबोर्ड बदलला, विंडोज राहिलं, लायसन्स गेलं

प्रश्न : मी पार्ल्यात राहते आणि घरूनच डीटीपीची कामं करते. जूनमध्ये लाइट सारखी जात-येत असताना माझा पीसी बंद पडला. पीसी ब्रँडेड, विंडोज त्याच्यासोबतच आलेलं, वॉरंटी संपलेली. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने मदरबोर्ड उडाल्याचं सांगितलं. ‘फॉरमॅट मारायचा नाही, दिवाळी अंकांची कामं अर्ध्यावर आहेत,’ असं मी बजावलं होतं. त्याने व्हॉट्सॲपवर उत्तर दिलं, ‘विंडोज आहे तसंच चालेल मॅडम, टेन्शन नको.’ दुसऱ्या कंपनीचा बोर्ड आणि नवं कॅबिनेट घालून त्याने यूपीआयने ९,५०० रुपये घेतले. बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डामागे आकडा लिहून दिला. जुना बोर्ड भंगारात गेला म्हणतो. आठवड्याभरात स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ यायला लागलं. फोन केल्यावर त्याने रिमोटने येऊन दोन मिनिटांत ते घालवलं. आता अँटिव्हायरसने ‘हॅकटूल’ म्हणून काहीतरी पकडलंय. त्यातच एक क्लायंट कंपनी ‘माझी सर्व सॉफ्टवेअर अधिकृत आहेत’ असं सहीनिशी लिहून मागतेय. दुकानदार म्हणतो, ‘सगळे असंच वापरतात.’ मी गुन्हेगार ठरते का? आणि माझे पैसे परत मिळतील का?

उत्तर : त्या कागदावर सही करू नका. निदान आज तरी नाही. आतापर्यंत जे झालं ते निस्तरता येण्यासारखं आहे. पण मशीनमध्ये क्रॅक (लायसन्स नसताना ते असल्याचं भासवणारं चोरटं सॉफ्टवेअर; अँटिव्हायरसने पकडलेलं ‘हॅकटूल’ बहुधा तेच) आहे हे माहीत असताना ‘सगळं अधिकृत आहे’ असं लिहून दिलंत, तर ते खोटं तुमच्या स्वतःच्या सहीचं असेल. तिथे दुकानदाराकडे बोट दाखवून सुटका नाही. क्लायंटकडून आठ-दहा दिवस मागून घ्या.

आता घोळ कुठे झाला ते बघू. दुकानदार अर्धं खरं बोलला. हल्लीच्या विंडोजला नवा बोर्ड दिसला की ते ड्रायव्हर शोधतं आणि बहुतेक वेळा निमूटपणे सुरू होतं. म्हणून तुमच्या फाइली, फॉन्ट, प्रिंटर सगळं जागच्या जागी राहिलं. पण विंडोज चालणं वेगळं आणि ते चालवायचा हक्क असणं वेगळं. ब्रँडेड पीसीबरोबर ओईएम लायसन्स येतं, म्हणजे त्या एका मशीनपुरतं. त्याची ‘की’, म्हणजे लायसन्सचा सांकेतिक क्रमांक, बोर्डावरच्या चिपमध्ये असते. जुन्या कॅबिनेटवर विंडोजचं चकचकीत स्टिकर असेल तर वाचून बघा. विंडोज ८ पासूनच्या स्टिकरांवर बहुधा की छापलेलीच नसते.

मायक्रोसॉफ्टच्या हिशेबात बोर्ड म्हणजेच मशीन. खराब झालेल्या बोर्डाच्या जागी मूळ उत्पादकाचा तोच किंवा त्याने समतुल्य ठरवलेला बोर्ड बसवला, तर लायसन्स चालू राहतं. भलत्याच कंपनीचा बसवला, तर तो नवा संगणक धरला जातो आणि त्याला नवं लायसन्स लागतं. तुमचं सामान नव्या खोलीत आलं, भाडेपावती जुन्याच खोलीची राहिली. विंडोज कधी स्वतंत्रपणे, रिटेल म्हणून विकत घेतलं होतं का, ते मेल धुंडाळून बघा. रिटेल लायसन्स नव्या मशीनवर नेता येतं. तुमच्या वर्णनावरून मात्र तसं वाटत नाही.

सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. तिथे तुमच्या ‘ऑर्गनायझेशन’च्या ॲक्टिव्हेशन सेवेतून विंडोज ॲक्टिव्हेट झालंय, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असण्याची दाट शक्यता आहे. पार्ल्याच्या घरात कसली आलीय ऑर्गनायझेशन! मोठ्या कंपन्या शेकडो मशीन आपल्याच सर्व्हरवरून ॲक्टिव्हेट करतात आणि ते ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं. क्रॅक करणारे त्याच पद्धतीची नक्कल करतात. ते वाक्य दिसलं तर तारखेसकट त्याचा स्क्रीनशॉट घ्या. मोबाइलनेही फोटो काढा. अँटिव्हायरसच्या इशाऱ्याचाही.

गुन्ह्याचं बोलायचं तर, कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३बी मध्ये ‘जाणूनबुजून’ हा शब्द कळीचा आहे. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कैद टाळून ५०,००० पर्यंतच्या दंडावर भागवायची मुभा न्यायालयाला आहे. तुम्ही त्याच मशीनवर कमाई करता, म्हणून त्या सवलतीवर विसंबू नका. इशारा दिसेपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं, हे सांगता येतं आणि ते पटण्यासारखंही आहे. आता मात्र माहीत आहे. ‘सगळे असंच वापरतात’ हा बचाव कोर्टात चालत नाही. (वकिलांच्या ऑफिसांतले संगणक तपासायला जाऊ नका, एवढी विनंती.)

म्हणून मशीन आधी स्वच्छ करा, पण पुरावा न पुसता. नवी एसएसडी (म्हणजे डिस्क) घ्या, तिच्यावर रीतसर विकत घेतलेलं विंडोज टाका आणि आपल्या फाइली तिच्यावर उतरवून घ्या. जी गोष्ट टाळायला तुम्ही धडपडत होता तीच करायला सांगतेय, कल्पना आहे. पण क्रॅक कुठे काय पेरून गेलाय ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही. जुनी डिस्क काढून पाकिटात घाला, वर तारीख लिहा आणि पुन्हा जोडू नका. गरज वाटली तर ग्राहक आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो. दुकानदार रिमोटने आत येऊन गेलाय, तेव्हा बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. लायसन्सचं बिल हाती आलं आणि बाकीची सॉफ्टवेअरही एकदा तपासलीत की खुशाल सही करा.

पैशांचं म्हणाल तर तुमची बाजू भक्कम आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ही सेवेतली त्रुटी आहे. विंडोज तसंच चालेल असं लेखी सांगून लायसन्सबद्दल अवाक्षर न काढणं ही पहिली चूक. न विचारता क्रॅक टाकणं ही दुसरी, आणि माझ्या मते मोठी. बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. ‘मॅडम धंदा करतात, त्या ग्राहक नव्हेत’ असं उत्तर येईल, त्याने बिचकू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यापुरता वापर असेल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. हाताखाली दहा ऑपरेटर असते तर मी इतक्या खात्रीने बोलले नसते.

जुन्या बोर्डाचा मुद्दा सोडू नका. दुरुस्तीला दिलेली वस्तू करार कायदा १८७२ प्रमाणे विश्वासाने सोपवलेली असते. तुम्ही देऊन टाकला नसेल तर मेलेला बोर्डही तुमचाच. त्याची भंगारात किंमत फारशी नसेल, पण बोर्ड खरंच गेला होता का, हे तोच सांगू शकला असता. दुकानदाराला पाठवायच्या नोटिशीत तो मागा. त्याला तो देता आला नाही, तर हाच आपला मुद्दा होतो.

नोटीस साध्या मराठीत, स्पीड पोस्टने, पोच घेऊन आणि १५ दिवसांची मुदत देऊन पाठवा. मागणी माफक ठेवा : नव्या लायसन्सचा खर्च, डिस्क आणि इन्स्टॉलेशनचा खर्च, रीतसर बिल, आणि बुडालेल्या कामाचा मेलवरून दाखवता येईल तेवढाच आकडा. पूर्ण ९,५०० परत मागायचा मोह होईल, पण बोर्ड चालतोय आणि तुम्ही तो वापरताय. मानसिक त्रासाचे पाच लाख मागणारे अर्ज मी बरेच पाहिलेत. त्यांचं पुढे काय होतं ते विचारू नका.

दुकानदार बधला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ दुकानदार तिथून फोन आला की नरमतात. तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दुकान शहरात असलं तरी तुम्ही राहता पार्ल्यात, म्हणून तक्रार उपनगर जिल्ह्यात करता येते. ती ऑनलाइनही भरता येते. मोबदला, म्हणजे तुम्ही दुकानदाराला दिलेली रक्कम, ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. तीन ते पाच महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. तुम्ही त्याहून जास्त धरून चाला.

व्हॉट्सॲपवर त्या दुकानदाराच्या चॅटला ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ (मेसेज आपोआप पुसणारी सोय) चालू नाही ना, हे आजच बघा. ते चॅट पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ मेसेज फोनमध्ये असलेला बरा. फोन बदलायचा विचार असेल तर जरा थांबा. त्या व्हिजिटिंग कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि कार्ड डिस्कच्या पाकिटातच ठेवून द्या.